नऊ महिन्यांच्या शिक्षेचे सतरा महिने

२०२२च्या अमेरिकन ओपनचा पहिलाच दिवस, २९ ऑगस्ट. सातवी मानांकित सिमोना हालेप पहिल्या फेरीत हरली. समोर होती पात्रता फेरीतून वर आलेली युक्रेनची डारिया स्निगर. आकडे २-६, ६-०, ४-६. असे धक्के टेनिसमध्ये दर वर्षी बसतात आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत लोक ते विसरूनही जातात. हा सामना लक्षात राहिला तो त्यानंतर बंद खोलीत जे झालं त्यामुळे. हालेपने नेमाप्रमाणे लघवीचा नमुना दिला. हा प्रकार फारसा सन्मानाचा नसतो. अधिकारी समोर उभा राहून बघत असतो. खेळाडूने सीलबंद संच स्वतः निवडायचा, लघवी स्वतःच्या हाताने दोन बाटल्यांत ओतायची, झाकणं पुढे फिरेनाशी होईपर्यंत घट्ट करायची, क्रमांक ताडून बघायचे आणि अर्जावर सही करायची. एक बाटली ‘ए’, दुसरी ‘बी’.

हालेपच्या ‘ए’ बाटलीत रोक्साडुस्टॅट सापडलं. पुढे ‘बी’ बाटलीतही तेच निघालं.

हालेप म्हणजे २०१७ साली जगात पहिल्या क्रमांकावर पोचलेली, २०१८ची फ्रेंच ओपन आणि २०१९ची विम्बल्डन जिंकणारी रोमानियाची खेळाडू. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने सेरेना विल्यम्सला ६-२, ६-२ असं ५६ मिनिटांत गुंडाळलं होतं. नमुना दिला तेव्हा तिला एकतिसावं वर्ष चालू होतं. त्याच महिन्यात टोरंटोची स्पर्धा जिंकून ती पहिल्या दहांत परतली होती. म्हणजे बरीचशी कारकीर्द मागे पडलेली, पण दोन-तीन चांगली वर्षं हातात असलेली खेळाडू. पुढचा सगळा हिशेब या दोन-तीन वर्षांचाच आहे.

माझ्या टेनिसवेड्या मित्रमंडळींत या प्रकरणावरून दोन तट आहेत. एकांच्या मते तिच्यावर घोर अन्याय झाला, दुसऱ्यांच्या मते ती वकिलांच्या जोरावर सुटली. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. तिला शेवटी मिळालेली शिक्षा मला योग्य वाटते. अन्याय झाला तो त्या शिक्षेपर्यंत पोचायच्या वाटेत.

सापडलेलं द्रव्य

रोक्साडुस्टॅट हे मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात होणाऱ्या रक्तक्षयावरचं औषध. गोळी असते. शरीराला प्राणवायू कमी पडतोय असा भास ते निर्माण करतं. मग शरीर एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त तयार करतं आणि तांबड्या पेशी वाढतात. उंच डोंगरावर काही आठवडे राहिल्यावर जे घडतं, ते घरबसल्या. दमसास लागणाऱ्या कुठल्याही खेळात याचा उपयोग काय, हे वेगळं सांगायला नको. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, हे द्रव्य स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बारा महिने निषिद्ध ठरवलंय. (या वाड्याचा आपल्याकडच्या चिरेबंदी वाड्यांशी संबंध नाही, दिंडी दरवाजा मात्र तितकाच जड.)

मूत्रपिंडाचं औषध धडधाकट खेळाडूच्या लघवीत येतंच कसं? संशय घ्यायला हा प्रश्न पुरेसा आहे, आणि संशय घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

नियम काय म्हणतो

उत्तेजकांच्या नियमांचा पाया अगदी साधा आहे: तुझ्या पिशवीत सापडलं तर ते तुझं. कुणी टाकलं, कसं आलं, तुला माहीत होतं की नाही, हे नंतरचे प्रश्न. नमुन्यात द्रव्य सापडलं की गुन्हा पुरा झाला. हेतूचा विचार शिक्षा ठरवताना होतो, आणि तिथेही पहिली चाल खेळाडूची असते.

रोक्साडुस्टॅट ज्या गटात मोडतं तिथे सुरुवातच चार वर्षांच्या बंदीपासून होते. खाली यायचं तर पायरी पायरीने. मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूने सिद्ध केलं की चाराची दोन वर्षं. आपली चूक फार मोठी नव्हती आणि द्रव्य एखाद्या भेसळीच्या उत्पादनातून आलं हेही सिद्ध केलं, तर दोन वर्षांपासून नुसत्या ताकिदीपर्यंत काहीही. चूक मुळीच नव्हती हे दाखवता आलं तर बंदी शून्य. आता मुद्दाम घेतलं नाही हे दाखवायचं, तर व्यवहारात एकच रस्ता उरतो: ते आलं कुठून हे शोधून काढायचं. तो शोध खेळाडूने करायचा, आपल्या खर्चाने.

ऐकायला हे जुलमी वाटतं. पण उलटं करून बघा. हेतू सिद्ध करायची जबाबदारी संस्थेवर टाकली, तर पकडला गेलेला प्रत्येक जण ‘कुणीतरी माझ्या पाण्यात मिसळलं’ म्हणेल आणि संस्था जन्मभर पाणी तपासत बसेल. त्यामुळे नियम कडक असण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार घड्याळाची आहे.

घड्याळ

७ ऑक्टोबर २०२२ रोजी हालेपवर तात्पुरतं निलंबन आलं. २१ ऑक्टोबरला ते जाहीर झालं. टेनिसच्या सचोटीचं काम बघणारी लंडनची संस्था, आयटीआयए, तिने उत्तेजकविरोधी कारभार त्याच वर्षीच्या जानेवारीत हाती घेतला होता. म्हणजे या कामात संस्थेचंही हे पहिलंच वर्ष. निलंबनाच्या आधीचा ‘तात्पुरतं’ हा शब्द फसवा आहे. त्या काळात खेळाडूला कुठलीही अधिकृत स्पर्धा खेळता येत नाही, क्रमवारीतले गुण एकेक करून गळत जातात, पुरस्कर्ते दुसरीकडे बघू लागतात. निकाल लागायच्या आधीच शिक्षेचा अंमल सुरू झालेला असतो.

हालेपच्या बाजूने शोध घेतला आणि बोट ठेवलं ते एका पूरक आहारावर. ‘केटो एमसीटी’ नावाची पूड, एका कॅनडियन कंपनीची, कोलॅजेनवाली. ती तिच्याकडे आणली तिचे प्रशिक्षक पॅट्रिक मुराटोग्लू यांच्या चमूने. मुराटोग्लू एप्रिल २०२२पासून तिच्यासोबत होते. पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की हे कोलॅजेन आपल्या माणसांनी आणलं, त्यामुळे जबाबदारी आपली वाटते. वेष्टनावर रोक्साडुस्टॅटचं नाव अर्थातच नव्हतं. भेसळीचं नाव वेष्टनावर कोण छापतो?

सुनावणी २०२३च्या सुरुवातीला व्हायची होती. ती पुढे गेली, मग आणखी पुढे. मे २०२३मध्ये आयटीआयएने दुसरा आरोप ठेवला: तिच्या रक्ताच्या जैविक पारपत्रात, म्हणजे वर्षानुवर्षं घेतलेल्या रक्तनमुन्यांच्या नोंदीत, विसंगती आहे. दोन्ही आरोप एकत्र चालवायचे ठरले. अखेर २८ आणि २९ जून २०२३ रोजी लंडनमध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे सुनावणी झाली आणि सप्टेंबरमध्ये निकाल जाहीर झाला: चार वर्षं. ७ ऑक्टोबर २०२२ ते ६ ऑक्टोबर २०२६. बंदी संपेल तेव्हा ती पस्तिशीची झालेली असणार होती.

हालेप अपील घेऊन स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. ७ ते ९ फेब्रुवारी २०२४ला सुनावणी, ५ मार्चला निकाल: नऊ महिने. म्हणजे ७ ऑक्टोबर २०२२ ते ६ जुलै २०२३.

इथे जरा थांबून तारखा शेजारी शेजारी ठेवा. लवादाच्या मते योग्य असलेली शिक्षा ६ जुलै २०२३ला संपली. पहिली सुनावणी झाली त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. शिक्षा संपली तेव्हा पहिल्या पायरीवरचा निकालसुद्धा आलेला नव्हता. पहिलं न्यायाधिकरण अगदी अचूक वागलं असतं, सप्टेंबरमध्ये त्याने नऊच महिने दिले असते, तरीही तिने दोन महिने जास्तीचे भोगलेच असते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

प्रत्यक्षात ती जवळपास सतरा महिने बाहेर राहिली. जास्तीच्या आठ महिन्यांत २०२३ची अमेरिकन ओपन आणि २०२४ची ऑस्ट्रेलियन ओपन होऊन गेली. त्या दोन स्पर्धांच्या वेळी तिच्यावर, लवादाच्या हिशेबाने, कुठलीही बंदी असायला नको होती.

एकाच पुराव्याचे दोन निकाल

चार वर्षं कुठे आणि नऊ महिने कुठे? दोन्ही ठिकाणी कागद बरेचसे तेच होते. मग एवढी तफावत आली कशी?

गंमत म्हणजे लंडनच्या न्यायाधिकरणानेही एक गोष्ट मान्य केली होती. पूड भेसळीची होती आणि हालेपने ती खाल्ली होती, यावर त्यांचा वाद नव्हता. अडलं ते प्रमाणावर. तिने जेवढी पूड खाल्ली म्हणते तेवढ्याने लघवीत इतकं रोक्साडुस्टॅट येऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणजे उरलेलं कुठूनतरी दुसरीकडून आलं. आणि दुसरीकडचा हिशेब तिला देता येत नव्हता.

लवादाने तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून बघितली. खेळाडूवर पुराव्याचा भार असला तरी मोजमाप ‘शक्यतेच्या झुकत्या मापाचं’ असतं: हे घडलं असण्याची शक्यता, न घडलं असण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का, एवढंच. त्या मापाने पुडीतून द्रव्य आलं हे लवादाला पटलं. शंभर टक्के खात्री मागायची नसते. भेसळीची पूड हातात आहे, खेळाडूने ती घेतल्याचं कुणी नाकारत नाही, आणि तरी आकडेमोडीच्या जोरावर एखादा अदृश्य दुसरा उगम गृहीत धरायचा, हे मला ओढूनताणून वाटतं. अर्थात मी रसायनशास्त्रज्ञ नाही. पण तज्ज्ञ दोन्ही बाजूंना होते आणि ते एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते.

पारपत्राचा आरोप जास्त गुंतागुंतीचा. यात कुठलंही द्रव्य सापडावं लागत नाही. खेळाडूच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षं घेतले जातात, हिमोग्लोबिन आणि कोवळ्या तांबड्या पेशींचं प्रमाण नोंदलं जातं, आणि त्या खेळाडूच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी नवे आकडे ताडून बघितले जातात. आरसा एकच, चेहराही तोच. बदल का झाला एवढं विचारायचं. हालेपच्या बाबतीत तिने दिलेले ५१ रक्तनमुने विचारात घेतले गेले. तीन तज्ज्ञांनी एकमताने ‘बहुधा उत्तेजक सेवन’ असा शेरा दिला. लंडनच्या न्यायाधिकरणाला त्यावर शंका घ्यायचं कारण दिसलं नाही. सगळा भर २२ सप्टेंबर २०२२च्या नमुन्यावर होता, आणि त्याच महिन्यात हालेपच्या नाकावर शस्त्रक्रिया झाली होती.

हालेपची यावर एक तक्रार होती, आणि ती मला बिनतोड वाटते. पारपत्र तपासणाऱ्या तज्ज्ञांना खेळाडूचं नाव माहीत नसतं, नसावं. पण तिचं निलंबन जगजाहीर झालेलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे नाव कळल्यावर तिघांपैकी दोघांनी आपलं मत बदललं. यात कुणी मुद्दाम काही केलं असं मानायची गरज नाही. आधीच एका द्रव्यासाठी पकडल्या गेलेल्या बाईचा आलेख समोर आला, तर मीही त्यात तेच शोधेन.

लवादापुढे हा आरोप टिकला नाही. इथे भार आयटीआयएवर होता आणि माप वेगळं, अधिक कडक: पंचांचं ‘निःशंक समाधान’ व्हायला हवं. ते झालं नाही. आयटीआयएने चार ते सहा वर्षं मागितली होती. मिळाले नऊ महिने, वर हालेपच्या खर्चापोटी २०,००० स्विस फ्रँक द्यायचा आदेश.

पण रोमानियात जसा जल्लोष झाला तशी ती ‘निर्दोष’ सुटली नाही, हेही नोंदवायला हवं. नियमभंग झाला, हे लवादानेही मान्य केलं. पूड घेताना तिने पुरेशी काळजी घेतली नाही, एवढा दोष तिच्या पदरात टाकला. बरोबरच आहे. पूरक आहाराच्या डब्यांत काय काय निघतं हे प्रत्येक व्यावसायिक खेळाडूच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं. आमच्या भागातल्या जिमखालच्या दुकानात असे डबे छतापर्यंत रचलेले दिसतात, आणि दुकानदाराला आतलं काही विचारलं तर तो डबा फिरवून मागचं लेबल दाखवतो. लेबल त्यालाही तेवढंच कळतं जेवढं आपल्याला. जगातली माजी पहिली खेळाडू यापेक्षा जास्त सावध असायला हवी, ही अपेक्षा अवाजवी नाही. प्रशिक्षकाच्या माणसांनी आणलं म्हणून खाल्लं, हे कारण माणूस म्हणून समजतं, खेळाडू म्हणून चालत नाही.

२९ ऑगस्ट ते ७ ऑक्टोबर २०२२ या काळातले तिचे निकालही रद्द झाले. त्या काळात ती खेळली एकच सामना, स्निगरविरुद्धचा. म्हणजे रद्द झाला तो तिचा पराभव.

दुसऱ्यांच्या ताटात काय पडलं

हालेपचं प्रकरण एकटं वाचलं तर ते उशिराचं प्रकरण आहे. शेजारी दुसरी प्रकरणं ठेवली की लोक चिडतात, आणि २०२४मध्ये दोन फार मोठी प्रकरणं शेजारी येऊन बसली.

मार्च २०२४मध्ये इटलीचा अव्वल खेळाडू यानिक सिनर याच्या दोन नमुन्यांत क्लोस्टेबॉल हे निषिद्ध स्टेरॉइड सापडलं. पहिल्यात दर मिलिलिटरला ८६ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. सिनरच्या बाजूने खुलासा असा: फिजिओचं बोट कापलं, त्याने त्यावर इटलीत सहज मिळणारा फवारा मारला, त्यात क्लोस्टेबॉल होतं, आणि त्याच हाताने मालिश केलं. निलंबन झालं, पण सिनरच्या वकिलांनी लगेच अर्ज केला आणि ते उठलं. ४-५ एप्रिल आणि १७ ते २० एप्रिल, एवढंच काय ते निलंबन. दहा दिवसांच्या आत अर्ज करून निलंबन उठवून घेतलं तर ते जाहीर होत नाही, असा नियम आहे. त्यामुळे जगाला हे कळलं २० ऑगस्टला, ‘दोष नाही’ या निकालासोबतच. मार्चमधल्या इंडियन वेल्स स्पर्धेचे गुण आणि बक्षिसाची रक्कम गेली. काही दिवसांनी त्याने अमेरिकन ओपन जिंकली.

मग पोलंडची अव्वल खेळाडू इगा श्वीऑनटेक. ऑगस्ट २०२४च्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन, हृदयविकारावरचं औषध. उगम: पोलंडमध्ये विकत घेतलेल्या झोपेच्या मेलाटोनिनच्या गोळ्या, भेसळीच्या. १२ सप्टेंबरला निलंबन, तिनेही दहा दिवसांत अर्ज केला, ४ ऑक्टोबरला निलंबन उठलं. आशियातल्या स्पर्धा बुडाल्या, त्याचं कारण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. नोव्हेंबरअखेर एक महिन्याची शिक्षा जाहीर झाली. त्यातले बरेचसे दिवस आधीच भरले होते.

श्वीऑनटेकची बातमी आली तेव्हा हालेपने जाहीरपणे विचारलं की एवढा फरक का. आयटीआयएचं उत्तर होतं की कुठलीही दोन प्रकरणं सारखी नसतात. उत्तर खोटं नाही. मेलाटोनिन पोलंडमध्ये औषध म्हणून नियमनाखाली विकलं जातं. कोलॅजेनच्या पुडीला तसं छत्र नाही. औषधाच्या दुकानातली गोळी भेसळीची निघेल असं कुणाच्या मनात येणार? त्यामुळे दोषाचं वजन कमी पडलं, हे समजण्यासारखं आहे. शिवाय त्या दोघांवर पारपत्राचा आरोप नव्हता. पक्षपात झाला, वरच्या क्रमांकाला सवलत मिळाली, असं सरळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फरक पडला तो कारण किती लवकर सापडलं त्यावर. क्लोस्टेबॉल हे नाव इटलीतल्या क्रीडावैद्यकांना पाठ आहे. तो फवारा त्यांच्याकडे औषधाच्या दुकानात मिळतो आणि खोक्यावर उत्तेजकाचा इशारा छापलेला असतो. नाव ऐकल्याबरोबर शोध कुठे घ्यायचा हे कळतं. रोक्साडुस्टॅटच्या बाबतीत असं काहीच हाताशी नव्हतं. दहा दिवसांची खिडकी सगळ्यांना सारखी, पण त्या खिडकीतून बाहेर पडायला ज्याला किल्ली आधीच ठाऊक आहे तोच पडणार. ज्याला सापडायला तीन महिने लागले त्याचं नाव तोवर जगभर झालेलं असतं.

आणि ज्याच्याकडे ना किल्ली ना किल्लीवाला? स्टेफानो बात्ताग्लिनो हाही इटलीचा, पण क्रमवारीच्या तळाशी खेळणारा. २०२२मध्ये मोरोक्कोतल्या एका छोट्या स्पर्धेत त्याच्याही नमुन्यात क्लोस्टेबॉल निघालं. त्याचंही म्हणणं मालिशवालाच कारणीभूत. पण फवारा, बोट, पावती असं काही त्याला पुढे ठेवता आलं नाही. चार वर्षं, आणि लवादानेही ती कायम केली. त्याची कहाणी खरी होती की नाही हे मी सांगू शकत नाही. मला एवढंच दिसतं की सिनरच्या प्रकरणात त्याचा फिजिओ आणि व्यायाम-प्रशिक्षक दोघंही साक्षीला हजर होते, कारण ते त्याच्या पगारावर होते. छोट्या स्पर्धेतला मालिशवाला खेळाडूचा नसतो.

याच नियमांखाली सोलापूर किंवा बालेवाडीला आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, छोट्या स्पर्धा खेळणाऱ्या मुली येतात. पहिल्या फेरीत हरल्यावर मिळणाऱ्या पैशात परतीचं तिकीट निघालं तरी पुष्कळ. त्यांच्यातल्या एखादीच्या नमुन्यात काही सापडलं, तर दहा दिवसांत वकील, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि न उघडलेला त्याच खेपेचा डबा कोण उभा करणार?

मराठी वाचकाला इथे नरसिंग यादव आठवल्याशिवाय राहणार नाही. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर उत्तेजक चाचणीत अडकला, आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं असं म्हणाला. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने, ‘नाडा’ने, ते मानलं आणि सोडलं. वाडाने आव्हान दिलं आणि क्रीडा लवादाने ऐन रिओत चार वर्षं ठोठावली. हालेपच्या बरोबर उलटा प्रवास, पण प्रश्न तोच: सांगितलेली हकीकत पुराव्याने उभी राहते का? नरसिंगची उभी राहिली नाही. फक्त तिथे घड्याळ भलतंच जोरात पळालं, काही दिवसांत निकाल. ऑलिंपिक समोर असलं की लवाद किती चपळ होतो बघा. म्हणजे चपळाई जमतच नाही असं नाही.

उशिराचं सगळं खापर आयटीआयएच्या डोक्यावर फोडणंही बरोबर नाही. हालेपचा बचाव गुंतागुंतीचा होता, तज्ज्ञांचे अहवाल, त्यांना उत्तरं, उत्तरांना प्रत्युत्तरं, मध्येच दुसरा आरोप. पण हे सगळं चालू असताना एकाच बाजूचं आयुष्य थांबलेलं असतं. दुसऱ्या बाजूला पगार चालू असतो. मला विचाराल तर तात्पुरत्या निलंबनाला मुदत असावी: अमुक महिन्यांत सुनावणी झाली नाही तर निलंबन आपोआप उठावं, मग निकालात दोषी ठरली तर मधले सगळे निकाल आणि पैसे परत घ्या. त्यातही घोळ आहेत. दोषी खेळाडूकडून हरलेल्या मुलीचं काय, ती तर त्या स्पर्धेतून गेलीच. तो धोका मी पत्करेन. आज जो पत्करला जातो तो सगळा आरोपीच्या खात्यावर आहे.

परत आल्यावर

निकालानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, १९ मार्च २०२४ला, हालेप मायामीत कोर्टवर उतरली. क्रमवारी उरलीच नव्हती, त्यामुळे आयोजकांनी थेट प्रवेश दिला. समोर स्पेनची पॉला बडोसा. पहिला सेट हालेपने ६-१ असा घेतला. ज्यांनी तो बघितला त्यांना २०१८ची हालेप दिसली असेल: बेसलाइनवर पाय रोवून चेंडू उसळत असतानाच मारणं, प्रतिस्पर्ध्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवणं. मग पाय जड झाले. पुढचे दोन सेट ४-६, ३-६. ताकद फटक्यांत होती, दम उरला नव्हता, आणि दम सरावाने येत नाही, सामन्यांनी येतो.

तिला थेट प्रवेश द्यावा का यावरूनही त्या दिवसांत वाद झाला. डेन्मार्कची माजी अव्वल खेळाडू कॅरोलिन वोझ्नियाकी हिने मत मांडलं की मुद्दाम फसवणूक करणाऱ्यांना असे प्रवेश देऊ नयेत. हालेपचं उत्तर होतं की मी फसवणूक केलेलीच नाही. लवादाचा निकाल येऊन दोन आठवडे झाले होते.

त्यानंतर ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सामने खेळली. गुडघा, मग खांदा. २०२५च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीसाठी मिळालेला प्रवेशही तिने दुखण्यामुळे सोडला. ४ फेब्रुवारी २०२५ला रोमानियातल्याच क्लुज-नापोका इथे ती लुचिया ब्रॉन्झेट्टीविरुद्ध १-६, १-६ हरली आणि कोर्टवरच माईक हातात घेऊन निवृत्ती जाहीर केली. आनंद आहे की दुःख हे कळत नाही, बहुधा दोन्ही, असं काहीसं ती म्हणाली. क्रमवारीत ती तेव्हा आठशेच्या पलीकडे होती.

अकरा दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, वाडा आणि सिनर यांच्यातली तडजोड जाहीर झाली. वाडाने त्याच्या निर्दोष ठरण्याला लवादापुढे आव्हान दिलं होतं. ते मागे घेतलं गेलं आणि सिनरने तीन महिने मान्य केले, ९ फेब्रुवारी ते ४ मे. ऑस्ट्रेलियन ओपन तो जानेवारीत जिंकून मोकळा झाला होता. फ्रेंच ओपन मेअखेर सुरू होणार होती.